पदक नेमकं कशाचं असतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदकांविषयी येणारे प्रश्न दोन गठ्ठ्यांत पडतात. एका गठ्ठ्यात धातू: सोनं खरं आहे का, वजन किती, विकलं तर काय येईल. दुसऱ्यात मान: कुठे लावायचं, कुणी लावायचं, परत करता येतं का, काढून घेता येतं का. पहिल्या गठ्ठ्याची उत्तरं लवकर संपतात. दुसऱ्याची संपत नाहीत, म्हणून हे पान लांबलं आहे.

'पदक' हा शब्द मुळात कशाचा?

दागिन्याचा. हाराच्या किंवा साखळीच्या मधोमध येऊन छातीवर रुळणारा नक्षीदार तुकडा म्हणजे पदक. बक्षीस म्हणून मिळणाऱ्या नाण्यासारख्या चकतीला हा शब्द नंतर चिकटला आणि चपखल बसला. युरोपीय भाषांतला 'मेडल' इटालियन 'मेदाल्या'वरून आला. त्याचं मूळ बहुतेक अभ्यासक लॅटिनमधल्या धातूवाचक शब्दापाशी नेतात. म्हणजे त्यांच्या शब्दाला धातू दिसला, आपल्या शब्दाला छाती. मला आपला शब्द जास्त पटतो. का, ते खाली येईलच.

पदक, बिल्ला, चषक, करंडक, ढाल यांत फरक काय?

बिल्ला सांगतो की तुम्ही कोण आहात: स्वयंसेवक, वर्गप्रमुख, पोलीस. पदक सांगतं की तुम्ही काय केलंत. नोकरी सुटली की बिल्ला परत द्यायचा असतो, पदक द्यायचं नसतं. चषक, करंडक आणि ढाल बहुधा संघाच्या वाट्याला येतात आणि पुष्कळदा फिरत्या असतात. वर्षभर मिरवायच्या आणि पुढच्या विजेत्याच्या स्वाधीन करायच्या. फिरतं पदक कुणी ऐकलंय?

यांखेरीज 'ऑर्डर' नावाचा एक प्रकार आहे. नेपोलियननं १८०२ मध्ये सुरू केलेला फ्रान्सचा 'लेजिओं दॉनर' हा त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध. यात माणसाला एका मानाच्या मंडळात घेतलं जातं, त्या मंडळात पायऱ्या असतात, आणि छातीवरची खूण ही त्या प्रवेशाची खूण असते. ही तर पोरखेळातली खेळणी, असं कुणीतरी टोचल्यावर माणसं अशाच खेळण्यांनी हलवली जातात, असं उत्तर नेपोलियननं दिल्याची नोंद आहे. माणूस स्वतःच्या शोधाबद्दल इतकं खरं क्वचितच बोलतो.

काही पदकं तर लावण्यासाठी नसतातच. तळहातावर मावतील अशी जड, टेबलावर किंवा पेटीत ठेवायची. नोबेल पदक त्यातलंच. त्याला ना कडी, ना फीत.

पदक द्यायची पद्धत कधीपासूनची?

रोमन सैन्यात पराक्रमी सैनिकाला धातूच्या गोल चकत्या मिळत, त्या तो छातीवरच्या पट्ट्यांना लावी. त्यांना 'फालेरा' म्हणत. इसवी सन ९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूटोबर्गच्या जंगलात मारल्या गेलेल्या मार्कस सेलियस या अधिकाऱ्याचं स्मारकशिल्प सापडलं आहे. त्यात त्याच्या छातीवर या चकत्या आणि डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट स्पष्ट दिसतो. हा पानांचा मुकुट सहकारी नागरिकाचा जीव वाचवणाऱ्याला मिळे आणि त्याची प्रतिष्ठा सोन्याच्या मुकुटांहून मोठी होती. पानंच ती, चार दिवसांत सुकणारी.

आज आपण ज्याला पदक म्हणतो, म्हणजे एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला प्रसंग किंवा चिन्ह, भोवती अक्षरं, त्या घडणीचा आरंभ साधारण १४३८ चा धरतात. बायझंटाईन सम्राट जॉन आठवा धर्मपरिषदेसाठी इटलीत फेरारा इथे आला होता, तेव्हा पिसानेल्लो या चित्रकारानं त्याचं ओतीव पदक केलं. ते बक्षीस नव्हतंच. स्मरण म्हणून केलेली, हातात धरून बघायची वस्तू होती.

सामान्य सैनिकाच्या दृष्टीनं मोठं वळण वॉटर्लूच्या लढाईनंतर आलं. १८१६ मध्ये ब्रिटननं त्या मोहिमेत लढलेल्या प्रत्येकाला, सरदारापासून शिपायापर्यंत, एकच चांदीचं पदक दिलं आणि प्रत्येक पदकाच्या कडेवर त्या-त्या माणसाचं नाव यंत्रानं उमटवलं. मेलेल्यांची पदकं घरच्यांकडे गेली. तोवर नावं कोरली जायची ती सेनापतींची. या एका कडेमुळे पदकाचा अर्थ बदलला: हा शिपाई तिथे होता, असं सरकारनं लिहून दिलं.

सुवर्णपदक खरंच सोन्याचं असतं का?

ऑलिम्पिकचं नसतं. पूर्ण सोन्याची पदकं शेवटची दिली गेली १९१२ मध्ये, स्टॉकहोमला. आताच्या नियमाप्रमाणे सुवर्णपदक म्हणजे किमान ९२.५ टक्के शुद्धतेची चांदी आणि वर किमान ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा. पॅरिस २०२४ चं सुवर्णपदक ५२९ ग्रॅमचं होतं. त्यात सोनं ६ ग्रॅम आणि आयफेल टॉवरच्या दुरुस्तीत निघालेलं जुनं लोखंड १८ ग्रॅम. लोखंड सोन्याच्या तिप्पट, आणि त्या पदकाचं वेगळेपण सांगताना लोक लोखंडाबद्दलच बोलत होते. टोकियोच्या पदकांचा धातू लोकांनी दिलेल्या जुन्या मोबाइल आणि इतर विद्युत उपकरणांमधून काढला होता.

नोबेल पदक मात्र खरोखर सोन्याचं. १९८० पर्यंत २३ कॅरटचं होतं, नंतर १८ कॅरटवर आलं.

सुवर्ण, रौप्य, कांस्य हा क्रम पूर्वापार चालत आलाय का?

नाही. प्राचीन ऑलिम्पियात फक्त पहिला येणाऱ्यालाच मान होता, तोही ऑलिव्हच्या डहाळीच्या मुकुटाचा. १८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा पहिल्याला चांदीचं पदक मिळालं, दुसऱ्याला कांस्य, तिसऱ्याला काहीच नाही. १९०० मध्ये पॅरिसला कित्येकांच्या हातात पदकाऐवजी चषक पडले आणि जी पदकं होती ती आयताकृती. तीन धातूंची उतरंड १९०४ मध्ये सेंट लुईसला बसली. गळ्यात पदक घालायची रीत त्याहून नवी: १९६० चं रोम. त्याआधी ते विजेत्याच्या हातात देत.

रौप्यविजेत्यापेक्षा कांस्यविजेता जास्त खूश का दिसतो?

हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण यावर खरंच काम झालं आहे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या विजेत्यांच्या चेहऱ्यांची चित्रफीत विद्यार्थ्यांना दाखवून, कोण किती आनंदी दिसतो याला गुण द्यायला सांगितले. १९९५ मध्ये तीन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी निष्कर्ष छापला: तिसरा दुसऱ्यापेक्षा आनंदी. दुसरा वर बघतो, थोडक्यात सोनं हुकलं. तिसरा खाली बघतो, थोडक्यात हात हलवत परत जायचं टळलं.

कुस्ती, मुष्टियुद्ध, हॉकी यांत आणखी एक साधं कारण असतं. तिथे रौप्यपदक शेवटचा सामना हरून मिळतं. कुस्ती आणि हॉकीत कांस्य मात्र शेवटचा सामना जिंकून हाती येतं. मुष्टियुद्धात उपांत्य फेरी हरलेल्या दोघांनाही कांस्य देतात, तो भाग वेगळा.

आणि चौथा? १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पी. टी. उषा यांचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकातली रेषा पहिल्या-दुसऱ्यातल्या रेषेपेक्षा कितीतरी निष्ठुर आहे.

विजेते पदक चावतात ते का?

छायाचित्रकार सांगतात म्हणून. सोनं मऊ, त्यावर दात उमटतो, हे जुन्या पारखीचं उरलेलं नाटक. २०१० च्या हिवाळी स्पर्धांत जर्मनीच्या डाव्हिड म्योलरनं फोटोसाठी रौप्यपदक चावलं आणि दाताचा टवका उडाला.

दोघांत एक पदक देता येतं का?

खेळाच्या नियमात बसलं तर येतं. टोकियोत उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा ताम्बेरी दोघंही २.३७ मीटरवर अडकले. पंच पुढच्या निर्णायक उडीबद्दल सांगू लागले तेव्हा बार्शिमनं विचारलं, दोन सुवर्णपदकं मिळतील का? मिळाली.

माझी आवडती गोष्ट मात्र १९३६ ची आहे. बर्लिनला बांबूउडीत जपानचे शुहेई निशिदा आणि सुएओ ओए हे दोघे मित्र सारख्याच उंचीवर थांबले आणि एकमेकांविरुद्ध पुन्हा उडी मारायला नाही म्हणाले. मग निशिदाला रौप्य आणि ओएला कांस्य असं ठरलं. मायदेशी परतल्यावर दोघांनी पदकं सराफाकडे नेली, मधोमध कापली आणि अर्धं रौप्य, अर्धं कांस्य अशी सांधून घेतली. अधिकृत नोंदीत निशिदा दुसरा आणि ओए तिसराच आहे. पदकांनी ती नोंद मानली नाही.

शौर्यपदक आणि सेवापदक यांत फरक काय?

सेवापदक अमुक काळ, अमुक मोहिमेत, अमुक ठिकाणी होतात याबद्दल मिळतं. निकष पुरे केले की मिळणारच. शौर्यपदक एका विशिष्ट क्षणातल्या कृतीबद्दल असतं, आणि ती कृती कुणीतरी पाहिलेली असावी लागते. इथेच सगळी मेख आहे. साक्षीदार नसला तर कितीही मोठा पराक्रम कागदावर येत नाही. म्हणून शौर्यपदकासोबत वाचलं जाणारं मानपत्र मला पदकापेक्षा महत्त्वाचं वाटतं. कुठे, केव्हा, समोर किती होते, जखम झाल्यावर माणूस मागे आला की नाही, हे सगळं त्यात असतं. पदक म्हणजे त्या कागदाला मारलेला शिक्का.

मग सर्वोच्च शौर्यपदकं सोन्याची का नसतात?

इतिहास चाळला तर उलटंच दिसतं. प्रशियाच्या राजानं १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात 'आयर्न क्रॉस' सुरू केला तो लोखंडाचा, आणि शिपाई व अधिकारी दोघांना एकच. ब्रिटनचा १८५६ चा 'व्हिक्टोरिया क्रॉस' कांस्याचा. तो क्रिमियात जिंकलेल्या रशियन तोफांच्या धातूतून करतात असं सांगितलं जायचं, पण त्यासाठी राखलेल्या तोफा चिनी घडणीच्या निघाल्या. भारताचं परमवीर चक्रही कांस्याचंच. मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं, वर जांभळी फीत, आणि घडण सावित्रीबाई खानोलकरांची. जन्मानं त्या युरोपीय, लग्नानं मराठी घरात आलेल्या. पहिलं परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा त्यांच्या थोरल्या मुलीचे दीर होते.

याहून साधं उदाहरण अमेरिकेचं. १७८२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टननं सुरू केलेला मान म्हणजे जांभळ्या कापडाचं एक हृदय, अंगरख्यावर शिवायचं. नंतर तो विस्मृतीत गेला आणि १९३२ मध्ये 'पर्पल हार्ट' या नावानं परतला, तेव्हा त्याला धातू मिळाला. आज तो शत्रूच्या हल्ल्यात जखमी किंवा ठार झालेल्यांना देतात.

जीव पणाला लावणाऱ्याला सोन्याचं वजन करून देणं म्हणजे त्या जिवाची किंमत सांगणं. ज्यांनी ही पदकं ठरवली त्यांना हे उमगलं असावं, असं मी समजतो.

पदक कुठे आणि कसं लावायचं?

लष्करी आणि नागरी पदकं बहुतेक देशांत डाव्या छातीवर लावतात. अनेक असतील तर एका ओळीत, सर्वांत मानाचं छातीच्या मध्याजवळ. गणवेशावर रोज पूर्ण पदकं लावत नाहीत. नुसत्या रंगीत फितींच्या पट्ट्या असतात आणि जाणकार त्या रंगांवरून माणसाचा सगळा प्रवास वाचतो. संध्याकाळच्या औपचारिक पोशाखावर लहान प्रतिकृती चालतात. काही मोजके मान गळ्यात घालतात, उदाहरणार्थ अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक 'मेडल ऑफ ऑनर'.

खेळाडूंना असा काही नियम नाही. व्यासपीठावरून उतरलं की पदक डबीत जातं.

वडिलांचं किंवा आजोबांचं पदक मी लावू शकतो का?

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात स्मृतिदिनाला वारस ते उजव्या छातीवर लावतात. डावी बाजू ज्याची त्याची. उजवीकडे दिसलं की बघणाऱ्याला कळतं, हा दुसऱ्याचा मान घेऊन उभा आहे. सांगायला एक शब्दही लागत नाही, इतकी ही रीत सुरेख आहे. तुमच्या देशात लेखी नियम असेल तर अर्थात तोच पाळा.

न मिळालेलं पदक मिळाल्याचं भासवणं हा वेगळा मामला. कित्येक देशांत तो गुन्हा आहे. अमेरिकेत नुसत्या खोट्या बढाईला शिक्षा देणारा कायदा २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. पुढच्या वर्षी नवा कायदा झाला, त्यात अशी थाप मारून पैसा किंवा लाभ उकळला तरच गुन्हा धरतात.

एकच पदक दुसऱ्यांदा मिळालं तर?

बऱ्याच पद्धतींत दुसरं पदक देत नाहीत. फितीवर धातूची एक आडवी पट्टी चढते. व्हिक्टोरिया क्रॉसच्या फितीवर अशी पट्टी आजवर तिघांनीच मिळवली. त्यांतले दोघे, मार्टिन-लीक आणि शावास, लष्करातले डॉक्टर होते. तिसरा न्यूझीलंडचा चार्ल्स अपहॅम.

पदकाचं नाव स्वतःच्या नावाला जोडता येतं का?

देशागणिक वेगळं. ब्रिटिश पद्धतीत नावामागे अक्षरं लावतात. भारतात राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदानं किताब रद्द केले. सैनिकी आणि विद्याविषयक सन्मान तेवढे वगळले. भारतरत्न आणि पद्म पुरस्कार हे किताब नाहीत, मात्र ते नावाच्या पुढेमागे लावू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये स्पष्ट केलं. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांपर्यंत हा निकाल अजून पोचायचा आहे.

दिलेलं पदक काढून घेता येतं का?

येतं, आणि परत देताही येतं. अमेरिकेचा जिम थॉर्प १९१२ मध्ये पंचकसरती आणि दशकसरती या दोन्ही स्पर्धांत पहिला आला. आधी कधीतरी थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता, एवढ्या कारणावरून पुढच्या वर्षी त्याची पदकं काढून घेतली. मरणोत्तर, १९८३ मध्ये, त्याच्या मुलांच्या हाती प्रतिकृती दिल्या. एकमेव विजेता म्हणून नाव लागायला २०२२ उजाडलं. हल्ली पदकं जातात ती मुख्यतः उत्तेजक द्रव्यांमुळे. ऑलिम्पिकचे नमुने दहा वर्षं जपून ठेवतात आणि नव्या तंत्रानं पुन्हा तपासतात, त्यामुळे चौथा आलेला खेळाडू निवृत्त झाल्यावर त्याला टपालानं पदक आल्याचीही उदाहरणं आहेत. राष्ट्रगीत मात्र टपालानं येत नाही.

मेरी वॉकर यांची गोष्ट वेगळीच. अमेरिकी यादवी युद्धातल्या या शल्यविशारद बाईंना १८६५ मध्ये 'मेडल ऑफ ऑनर' मिळालं. १९१७ मध्ये नियम कडक करून ९११ जणांची पदकं रद्द झाली, त्यांत त्यांचंही होतं. बाईंनी ते उतरवलं नाही. १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या ते लावत राहिल्या. १९७७ मध्ये सरकारनं ते त्यांना परत बहाल केलं. हा मान मिळालेल्या त्या आजवरच्या एकमेव स्त्री आहेत.

नाकारता येतं का?

येतं. रशियन गणिती ग्रिगोरी पेरेलमन यांनी २००६ मध्ये गणितातलं मानाचं फील्ड्स पदक घेतलं नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये शेवटच्या तीन सेकंदांच्या वादावरून अमेरिकेच्या बास्केटबॉल संघानं रौप्यपदकं नाकारली. ती स्वित्झर्लंडमध्ये लोझानला, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तिजोरीत ठेवली गेली.

घेतलेलं पदक परत करणं याहून जड. एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या शेकडो सैनिकांनी वॉशिंग्टनमध्ये संसदभवनासमोर आपली पदकं फेकून दिली. ती नुसती चकती असती तर फेकण्याची बातमी झाली नसती.

विकणं बरोबर आहे का?

कायद्याचं बघायचं तर बहुतेक ठिकाणी मुभा आहे. अमेरिकेत 'मेडल ऑफ ऑनर' विकायला बंदी आहे. बरोबर की चूक हे मी गरज बघून ठरवतो. पोलंडची भालाफेकपटू मारिया आंद्रेयचिक हिनं टोकियोतलं रौप्यपदक एका बाळाच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी लिलावात काढलं. घेणाऱ्या दुकानसाखळीनं पैसे दिले आणि पदक तिच्याकडेच राहू दिलं. रशियन संपादक दिमित्री मुरातोव यांचं शांततेचं नोबेल पदक २०२२ मध्ये युक्रेनमधल्या विस्थापित मुलांच्या मदतीसाठी १०.३५ कोटी डॉलरना गेलं. त्यातल्या सोन्याची किंमत या आकड्यापुढे चिल्लर होती. बाकीचे पैसे कशाचे होते, हे ज्याला कळलं त्याला पदक कळलं.

पदक हरवलं किंवा चोरीला गेलं तर?

देणाऱ्या संस्थेला कळवा. बहुतेक संस्था एकदा बदली देतात, कधी प्रतिकृती असल्याची खूण करून. रवींद्रनाथांचं नोबेल पदक २००४ मध्ये शांतिनिकेतनातून चोरीला गेलं; नोबेल प्रतिष्ठाननं नंतर सोन्याची एक आणि कांस्याची एक अशा दोन प्रतिकृती दिल्या. गणिती कौचर बिरकर यांचं फील्ड्स पदक २०१८ मध्ये रिओत मिळाल्यावर अर्ध्या तासात चोरलं गेलं. दुसरं देण्याचा छोटा समारंभ काही दिवसांत झाला.

पदक वाचवण्याची सगळ्यांत अचाट युक्ती १९४० मधली. माक्स फोन लाउअ आणि जेम्स फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञांनी आपली नोबेल पदकं कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत सुरक्षित ठेवायला दिली होती. जर्मन फौजा शहरात शिरल्या. जर्मनीतून सोनं बाहेर काढणं हा भयंकर गुन्हा, आणि पदकांवर मालकांची नावं कोरलेली. पुरायचा विचार झाला, पण उकरून काढतील ही भीती होती. मग तिथले रसायनशास्त्रज्ञ गेओर्ग द हेवेशी यांनी दोन्ही पदकं अम्लराजात, म्हणजे सोनंही विरघळवणाऱ्या आम्लांच्या मिश्रणात, विरघळवली आणि नारिंगी द्रवाची बाटली मांडणीवर इतर बाटल्यांत ठेवून दिली. युद्ध संपल्यावर बाटली जागच्या जागी होती. त्यातलं सोनं वेगळं करून स्वीडनला पाठवलं, आणि त्यातून पदकं पुन्हा घडवली गेली. मधल्या काळात धातू द्रवरूप होता, पण ते दोघं नोबेलविजेतेच राहिले.

प्राण्यांना पदक देतात का?

देतात. मारिया डिकिन यांनी आपल्या प्राणिसेवा संस्थेतर्फे १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये युद्धातल्या प्राण्यांसाठी कांस्यपदक सुरू केलं. पहिली तीन मिळाली कबुतरांना. २०२० मध्ये कंबोडियात भूसुरुंग हुंगून शोधणाऱ्या मगावा नावाच्या उंदराला त्याच संस्थेचं सुवर्णपदक मिळालं, उंदराच्या अंगाला शोभेल अशा मापाचं.

सगळ्यांनाच पदक दिलं तर बिघडतं कुठे?

दिलं कशाबद्दल, हे खरं सांगितलं तर काही बिघडत नाही. लांब पल्ल्याची शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळतं आणि त्यावर 'पूर्ण केली' असंच लिहिलेलं असतं. ४२ किलोमीटर धावलेल्या माणसाला ती साक्ष हवीच असते. हजेरीला 'प्राविण्य' म्हटलं की मात्र मूलसुद्धा ओळखतं, आणि मुलं याबाबतीत मोठ्यांपेक्षा हुशार असतात.

पदकांची महागाई वरून सुरू होते. सोव्हिएत नेते ब्रेझनेव यांना पदकांचा इतका सोस होता की छाती रुंद करायची शस्त्रक्रिया करावी लागणार, असा विनोद लोक करत. 'ऑर्डर ऑफ व्हिक्टरी' हा मान मोठ्या आघाडीवर युद्धाचं पारडं फिरवणाऱ्या सेनानींसाठी होता. १९७८ मध्ये तो ब्रेझनेवना दिला गेला. १९८९ मध्ये, ते गेल्यानंतर, काढून घेतला.

पदक बनतं कसं?

दोन रीती. ओतीव पदकासाठी मेणात किंवा मातीत नमुना करायचा, त्याचा साचा घ्यायचा, धातू ओतायचा. कडा मऊ येतात, प्रत्येक प्रत किंचित वेगळी निघते. ठशाच्या पदकासाठी पोलादी ठसे करतात आणि त्यांच्यामध्ये धातूची चकती ठेवून प्रचंड दाब देतात. उठाव जास्त असेल तर एका दाबात भागत नाही. धातू दर वेळी कडक होतो, म्हणून भट्टीत तापवून मऊ करायचा आणि पुन्हा दाबायचा. मग कड घासणं, कडी जोडणं, मुलामा किंवा मीना. स्पर्धांत ढिगानं वाटली जाणारी हलकी पदकं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात, वर मुलामा.

जुनं पदक सापडलंय. घासून चकचकीत करू का?

नको. कृपया नको. घासलं की आधी जातात ती कडेवरची अक्षरं आणि चेहऱ्याचं नाक. लहानपणी मी एक जुनं पदक हौसेनं घासून लख्ख केलं होतं. त्यावरचं नाव आज भिंगाखालीही लागत नाही. तेव्हा शाबासकी मिळाली होती.

हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते. तो थर असू द्या. पदक कडेला धरून उचला, कारण घामाचे ठसे धातूत उतरतात. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या आम्लानं हिरवा चिकट थर चढतो. फीत उन्हात विटते. ती फाटकी असली तरी टाकू नका. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा. आणि ते कुणाला, कशाबद्दल मिळालं हे ज्याला माहीत आहे तो माणूस आहे तोवर त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्या. कथेवाचून उरलेलं पदक पेटीच्या तळाशी जातं आणि तिथून मोडीत.

आमच्या संस्थेला पदक सुरू करायचं आहे. आधी काय ठरवावं?

आधी चित्र काढू नका. सगळे तिथूनच सुरुवात करतात. आधी एका वाक्यात लिहा: कशाबद्दल. ते वाक्य जमलं नाही तर पदकाची गरज नाही, नुसता समारंभ करा. मग ठरवा की निवड कोण करणार, त्यांच्या नात्यागोत्यातलं कुणी आलं तर काय, आणि योग्य माणूस नसेल त्या वर्षी पदक न देण्याची हिंमत आहे का. रिकामी गेलेली वर्षं यादीत दिसली की पदकाचा दबदबा वाढतो. मरणोत्तर द्यायचं का आणि काढून घ्यायचं कधी, हेही पहिल्याच दिवशी लिहा. वाद पेटल्यावर केलेला नियम कुणालाच पटत नाही.

नोंदवही ठेवा. ठसे कुणाच्या ताब्यात राहतील ते कराराने पक्कं करा. मानकऱ्याचं नाव आणि वर्ष पदकाच्या कडेवर किंवा पाठीवर कोरा, चिकटपट्टी लावू नका. धातूवर पैसे कमी पडले तर कांस्य घ्या, पण मुलामा जाड द्या आणि आधी एक नमुना वर्षभर वापरून बघा. पॅरिस २०२४ ची कित्येक पदकं काही महिन्यांतच खराब होऊन बदलून द्यावी लागली.

मजकूर जितका थोडा तितका बरा. व्हिक्टोरिया क्रॉसवर 'शूरांसाठी' असं लिहायचं ठरलं होतं. राणीनं ते बदलून 'शौर्यासाठी' केलं, कारण पहिल्या शब्दांतून न मिळालेले सैनिक शूर नाहीत असा अर्थ निघाला असता.

आणि ठसा कापण्याआधी तो मजकूर तीन वेगवेगळ्या माणसांकडून मोठ्यानं वाचून घ्या. गणितातल्या सर्वोच्च मानांपैकी एक असलेल्या फील्ड्स पदकावर १९३३ हे वर्ष रोमन अंकांत कोरलं आहे, त्यात 'एम'च्या जागी 'एन' पडला आहे. १९३६ पासून जगातले उत्तमोत्तम गणिती ते तसंच घरी नेत आहेत.